बरा दिवस आला की तुम्ही काय करता? (जुनाट दुखणं घेऊन जगणाऱ्यांसाठी)

ओसरी

दुखण्यावर इथे बरेच धागे आहेत. कोणतं तेल, कोणता डॉक्टर, कोणती उशी. मला उलटं विचारायचं आहे. ज्या दिवशी दुखणं कमी असतं त्या दिवशी तुम्ही काय करता?

माझी हकीकत थोडक्यात सांगते. चिकुनगुन्या झाला. ताप आठवड्यात उतरला, पण सांधे धरलेलेच राहिले. बोटं, मनगटं, घोटे. आमवात नाही हे तपासण्यांतून नक्की झालं. पुढे सूजही ओसरली. मग मात्र दुखणं सांध्यांतून निघून अंगभर फिरायला लागलं. आज मान, उद्या खुबा, परवा पाठ भरून आलेली. सकाळी उठताना अंग असं आंबलेलं की रात्री झोपले होते की कुठे मजुरीला गेले होते, असा प्रश्न पडावा. रिपोर्टांची फाईल जाडजूड झाली आणि आतलं सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी 'फायब्रोमायल्जिया' हे नाव दिलं. नावाने दुखणं काही कमी झालं नाही, पण घरात सांगायला एक शब्द मिळाला.

अधूनमधून एखादी सकाळ अशी उगवते की मान सहज वळते, बरणीचं झाकण एका हिसक्यात उघडतं. त्या दिवशी मी सुटलेलीच असते. गोधड्या धुवायला काढ, माळा आवर, मामेसासूबाईंना भेटून ये (कारण 'हल्ली दिसत नाहीस' हे किती वेळा ऐकायचं), आणि संध्याकाळी हौसेने थालीपीठं. दुसऱ्या दिवशी अंग ठेचून काढल्यासारखं. तिसऱ्या दिवशीही तेच.

यात शरीराचं होतं ते नुकसान मला कळतं. दुसरं नुकसान कळायला वेळ लागला. त्या बऱ्या दिवशी मला पाहिलेल्या प्रत्येकाच्या हाती माझ्याविरुद्ध पुरावा जातो. 'काल तर माळ्यावर चढली होतीस!' ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. माझं दुखणं लोकांना दिसतं ते मी काम टाळते तेव्हाच, आणि तेव्हा ते आळसासारखं दिसतं.

माझं मत असं होत चाललंय की जुनाट दुखणं बिघडतं ते बऱ्या दिवशीच. वाईट दिवशी आपण गुमान पडून असतो, त्यात बिघडायला काही उरलेलंच नसतं.

तुमचं कसं चालतं? घरात कसं सांगता? काढ्यांच्या जाहिराती कृपा करून नकोत.

निंबोणी

'काल तर...' ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. अनुमोदन. सविस्तर लिहिते नंतर, आज मनगट साथ देत नाहीये.

कोरा_चहा

माझी कंबर. डोंबिवली ते सीएसएमटी, रोज. बरा दिवस आला की मी फास्ट लोकल पकडतो आणि उभ्याने जातो, कारण 'आज काय धाड भरलीये, जमेल की'. ठाण्यापर्यंत जमतंही. दादरला उजव्या पायात कळ उतरते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी.

गंमत म्हणजे दांडीची लाज वाटत नाही एवढी लाज सीट मागायची वाटते. चाळिशीतला धट्टाकट्टा दिसणारा माणूस. पट्टा शर्टाच्या आत बांधतो, बाहेरून बांधला तर लोक लगेच सरकतात हे ठाऊक असूनही. का ते विचारू नका.

घाटमाथा

रागावू नका, पण आमच्या आजीने आठ बाळंतपणं काढली, विहिरीचं पाणी शेंदलं, जात्यावर दळलं. तेव्हा कुठे होतं हे फायब्रो-बिब्रो? आता बसून कामं, हातात मोबाइल, त्यात नेटवर वाचून आजार सापडतात. मन गुंतवलं की दुखणं विसरतं, हा स्वानुभव.

निंबोणी

घाटमाथा, रात्री आजीचे पाय तुडवायला नातवंडं लागायची की नाही?

घाटमाथा

लागायची. मीच तुडवायचो.

भूलवैद्य

मी भूलतज्ज्ञ आहे, आता मुख्यतः पेन क्लिनिक बघतो. ओसरीताईंचा प्रश्न आवडला, कारण पेशंट आमच्याकडे वाईट दिवशीच येतो, बरा दिवस आम्हाला दिसतच नाही.

आधी घाटमाथांच्या मुद्द्याबद्दल. मन गुंतलं की दुखणं कमी जाणवतं हे खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर पाहिलं की मोठ्या जखमा झालेले कित्येक सैनिक मॉर्फिन मागतच नव्हते. जखम म्हणजे जिवंत घरी जायची संधी होती. पण यावरून 'दुखणं मनाचंच' असा निष्कर्ष निघत नाही. जखम आणि वेदना एका मापाने चालत नाहीत, एवढंच निघतं. जखम मोठी असून वेदना कमी असू शकते, तशी जखम भरून गेल्यावरही वेदना उरू शकते.

तीन महिन्यांपलीकडे टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला आम्ही जुनाट म्हणतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच हळव्या होतात. मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वर पोचतो. आमच्या सोसायटीत एका गाडीचा अलार्म बॉनेटवर मांजर बसलं तरी बोंबलतो. चोर कुठेच नसतो, पण आवाजाने झोपमोड सगळ्यांची होते. ओसरीताईंचे रिपोर्ट नॉर्मल येतात कारण आपण चोर शोधायच्या तपासण्या करतो. अलार्मची तार किती नाजूक झालीये ते सांगणारी तपासणी रोजच्या दवाखान्यात नाही. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०१७ मध्ये या प्रकाराला 'नोसिप्लास्टिक' असं वेगळं नाव दिलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत जुनाट वेदनेला २०२२ पासून स्वतःची जागा आहे.

याच्या उलटही होतं. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्याच्या चकत्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे 'मणक्यात गॅप आलाय' हे ऐकून माणूस जेवढा घाबरतो तेवढं घाबरायचं कारण बहुतेकदा नसतं. कोराचहा, पट्टा कायमचा बांधू नका. स्नायू आयते बसून खायला शिकतात.

मात्र काही गोष्टींत थांबायचं नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पायातली ताकद जाणं, कारणाशिवाय वजन घटणं, दुखण्यासोबत ताप, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणं. यातलं काही असेल तर धागा बंद करा आणि डॉक्टर गाठा. पहिल्या तिन्हींत तर त्याच दिवशी.

निंबोणी

डॉक्टर, एक विचारू का? मला अमिट्रिप्टिलीन दिलीये, रात्री एक. भावाने नेटवर शोधलं आणि घरात बॉम्ब पडला: 'ही डिप्रेशनची गोळी आहे.' आईने लगेच 'तरी मी म्हणत होते' सुरू केलं. तेव्हापासून पाकीट कपाटात पडून आहे.

भूलवैद्य

हा प्रसंग आमच्याकडे इतक्या वेळा होतो की मी हल्ली चिठ्ठी लिहितानाच सांगतो. मेंदूच्या बुंध्यापासून मज्जारज्जूकडे वेदना दाबणाऱ्या वाटा उतरतात. त्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिनवर चालतात, आणि ही गोळी तीच रसायनं जास्त वेळ टिकवते. नैराश्यासाठी ७५ मिलिग्रॅम किंवा वर जावं लागतं, वेदनेसाठी सुरुवात १० ने होते. झोप गाढ लागते हा वरचा फायदा, आणि तो लहान नाही. १९७५ मध्ये टोरोंटोच्या हार्वे मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट माणसांची फक्त गाढ झोप मोडत ठेवली, तर काही रात्रींत त्यांचे स्नायू दुखायला लागले.

तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी गुंगी राहते. काचबिंदू, हृदयाचे ठोके किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती जपून द्यावी लागते. तेव्हा कपाटातलं पाकीट आपल्या मनाने सुरू करू नका, ज्यांनी दिलं त्यांना फोन करा. आणि खरंच नैराश्य आलं असेल तर तेही सांगा. वर्षभर दुखणाऱ्या माणसाला उदास वाटलं तर त्यात 'तरी मी म्हणत होते' काय आहे?

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट. मूळ प्रश्नाकडे येते, कारण बऱ्या दिवसाचं जे गणित ओसरीताईंनी मांडलंय ते शिकवण्यातच माझा निम्मा दिवस जातो.

सिएटलला जॉन बोनिका नावाचे भूलतज्ज्ञ होते. शिक्षणाच्या पैशासाठी तरुणपणी मुखवटा घालून कुस्त्या लढायचे, त्या दुखापतींनी जन्मभर दुखत राहिले. एका छताखाली सगळ्या शाखांचे डॉक्टर बसवून वेदनेवर उपचार करायची पद्धत त्यांनी रुजवली. त्यांच्याकडे विल्बर्ट फोर्डाइस हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं निरीक्षण असं की आपण दुखायला लागेपर्यंत काम करतो आणि दुखलं की आडवे होतो, म्हणजे दरवेळी विश्रांती दुखण्याच्या मागोमाग येते. कधी थांबायचं हे दुखणंच ठरवत राहतं. त्यांनी ते घड्याळाकडे दिलं.

करून बघायचं असेल तर एकच काम निवडा. पोळ्या म्हणा. बऱ्या आणि वाईट दोन्ही दिवशी किती मिनिटं उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी शिक्षा होत नाही ते पाहा. समजा पंधरा. त्यातली तीनेक कमी करा आणि बाराला गजर लावा. गजर झाला की बसायचं. वाईट दिवशीही बारा मिनिटांपर्यंत जायचा प्रयत्न, आणि बऱ्या दिवशीही बारालाच थांबायचं. दुसऱ्या अर्ध्यावर माझे पेशंट माझ्याशी भांडतात. 'अहो, आज काहीच होत नाहीये, चार पोळ्या राहिल्यात!' राहू देत. आठ-पंधरा दिवस हे निभलं की मग मिनिट-दोन मिनिटं वाढवायची.

आणि व्यायाम. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियावरच्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा सगळ्या उपायांत ठामपणे 'करा' असं फक्त व्यायामाबद्दल म्हटलं. पण पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालणारा माणूस चौथ्या दिवशी 'व्यायामाने वाढलं' म्हणत परत येतो. तोही बऱ्या दिवसाचाच बळी.

बार्शीकर_आजोबा

चिकुनगुन्याचं वाचून लिहितो. १९७३ साली आमच्या बार्शीत ही साथ आली होती. मी शाळेत होतो. घरटी कोणी ना कोणी पडलेलं. माणसं भिंत धरून चालायची, आणि पोरं त्यांची नक्कल करायची, मीसुद्धा. मग तीसेक वर्षं देशात या रोगाचं नाव नव्हतं. २००६ ला पुन्हा आला तेव्हा तरुण डॉक्टर पुस्तकं उघडून बसले होते आणि आम्ही म्हातारे म्हणत होतो, हा तोच.

आमच्या आईचे घोटे त्यानंतर कायम कुरकुरायचे. ढग आले की ती आधी सांगायची. लोक हसायचे.

धुकं_लेस्टर

आजोबा, हवामानावर इथे इंग्लंडमध्ये मोठा अभ्यास झालाय. मँचेस्टरच्या संशोधकांनी अडीच हजारांहून जास्त लोकांच्या फोनवर रोजच्या वेदनेची नोंद घेतली आणि ती त्यांच्या गावच्या हवेशी ताडून पाहिली. २०१९ ला निकाल आला. दमट हवा, उतरलेला दाब आणि वारा यांच्या दिवशी दुखणं थोडं जास्त. 'थोडं' महत्त्वाचं, पण तुमच्या आईला हसणाऱ्यांपेक्षा तुमची आई जवळ होती.

इथे २०२१ पासून सरकारी मार्गदर्शक सूचना अशा आहेत की कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यात पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अफूजन्य गोळ्या नव्याने सुरूच करायच्या नाहीत. व्यायाम, समुपदेशन, काही नैराश्यविरोधी औषधं, अॅक्युपंक्चर एवढंच. कागदावर पटतं. प्रत्यक्षात गोळी बंद झाली आणि समुपदेशनाची रांग काही महिन्यांची. मधल्या काळात मी आईने पाठवलेल्या निर्गुडीच्या तेलावर होते. (ओसरीताई, ही जाहिरात नाही. बाटलीवर लेबलच नाहीये.)

माळरान

केज तालुक्यातून लिहितोय, शिक्षक आहे. पायवाटताईंचं पटलं, पण हे कोणाला जमतं तेही लिहायला हवं.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे थंडीत फडात उतरायचं, वाकून तोडायचं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. तिथे बाराव्या मिनिटाला गजर लावणारा मुकादम मी पाहिलेला नाही.

२०१९ ला आमचा जिल्हा बातम्यांत आला. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात म्हणून. त्यातल्या कित्येकजणी आधी ओटीपोटात दुखतं, पांढरं जातं म्हणूनच गेल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, आणि 'काढून टाका, कटकट मिटेल' असं सांगणारं कोणीतरी भेटतं. पिशवी गेली. आता त्यांची कंबर दुखते. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी त्यातल्याच. त्यांना बरा दिवस कोणता असं विचारलं तर म्हणाल्या, 'पाऊस पडून फड बंद असतो तो.'

पायवाट

माळरान, यावर माझ्याकडे उत्तर नाही. थोडंफार करता येतं ते असं: मोळी लहान बांधणं, डोक्यावर घेताना उचलायला दुसरं माणूस असणं, तोडणं आणि मोळ्या बांधणं आलटून पालटून. पण कामाचे पैसे टनावर मिळतात तोवर लहान मोळी म्हणजे जास्त खेपा. त्या बाईला सांगताना मलाच ते खोटं वाटेल.

सुपारी

मी दुसऱ्या बाजूचा. दुखणं बायकोचं, अर्धशिशी आणि मान. सकाळी 'कसं वाटतंय?' विचारलं तर चिडते, नाही विचारलं तर 'तुला काय त्याचं'. बऱ्या दिवशी ती पसारा काढते, तेव्हा थांबवलं तर मी शत्रू. मग मी मुकाट्याने डबा भरून निघतो.

आता आमचं आण्यांत चालतं. चहा ठेवताना ती नुसतं म्हणते, 'चार आणे' किंवा 'बारा आणे'. रुपया झाला की मी स्वयंपाक करतो आणि मुलं टीव्हीचा आवाज बंद करतात. वर एक अक्षर बोलायचं नाही. चार आण्याच्या दिवशीही भांडी माझ्याकडेच, हे तिने करारात घुसडलं.

ओसरी

सुपारी, हे मी आजच चोरतेय. आमच्याकडे चौदा आण्यांचं गिऱ्हाईक आहे.

सगळ्यांना एकत्र लिहिते. गोधड्या मी लॉन्ड्रीत दिल्या, एवढीच प्रगती. गजराचा प्रयोग भाजी निवडण्यावर सुरू केलाय. थांबताना जीव तुटतो. अर्धी मेथी समोर आणि आपण रिकाम्या हाताने बसलोय, यासारखी शिक्षा नाही. सासूबाई पहिल्या दिवशी बघत होत्या. दुसऱ्या दिवशी गजर झाल्यावर मेथीची जुडी स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, 'मलाही असा एक लावून दे.' त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. किती ते मी कधी विचारलं नव्हतं.

माळरान, तुमच्या मावशींचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

घाटमाथा

माझ्या पहिल्या प्रतिसादावर बरंच ऐकून घेतलं. मत पूर्ण बदललेलं नाही, पण एक शंका. जिथे लागतं तिथे चोळलं की बरं का वाटतं? आजीचे पाय तुडवण्यात काही शास्त्र होतं का?

भूलवैद्य

होतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूत वेदनेला आत घेणारं एक फाटक असतं. दाबाचा-स्पर्शाचा संदेश जाड, वेगवान चेतातंतूंतून येतो आणि ते फाटक थोडं लोटून घेतो. तपशील पुढे बरेच बदलले, गाभा टिकला. त्वचेवरून हलका विजेचा प्रवाह देऊन वेदना दाबणारं टेन्सचं यंत्र त्याच तत्त्वावर निघालं. तुम्ही आजीचं टेन्स यंत्र होता.

कोरा_चहा

डॉक्टर, जाता जाता. ऑफिसच्या दिवशी मी एक डायक्लोफेनॅक घेऊनच निघतो. मेडिकलवाला देतो, चिठ्ठी मागत नाही. चालेल ना?

भूलवैद्य

रोज? नाही चालणार. पोटात व्रण, रक्तदाब, मूत्रपिंड, तिन्हींवर येतं. (मेलेल्या जनावरांतल्या याच औषधाने आपली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, म्हणून २००६ ला गुराढोरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडापेक्षा चिवट आहे, पण अमर्याद नाही.) तुमच्या डॉक्टरांना भेटा, रक्तदाब मोजा आणि क्रिएटिनिन करून घ्या. आणि बऱ्या दिवशीसुद्धा स्लो लोकलने बसून जा.

कोरा_चहा

क्रिएटिनिनला उपाशीपोटी जावं लागतं का?

भूलवैद्य

नाही. आदल्या रात्री मटण तेवढं नको, आकडा उगाच वर जातो.